कूस बदलली की खोली फिरते: हे कानाचं की मानेचं?

पाऊलखूण:

मंडळी, आधी छोटीशी बातमी. नव्या घराच्या किल्ल्या हातात आल्या, येत्या रविवारी सामान हलवायचं आहे. आणि नेमकं आत्ताच हे दुखणं मागे लागलंय. झोपेत कूस बदलली किंवा सकाळी उठून बसलं की अख्खी खोली गरगर फिरते. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबतं, मळमळ मात्र बराच वेळ रेंगाळते. वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली तरी तेच. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही, डोकं दुखत नाही, रक्तदाब आणि साखर ठीक आहे. एक मैत्रीण म्हणते मानेला पट्टा लाव, दुसरी म्हणते पित्त असेल. घरात चक्करच्या गोळ्यांची पट्टी पडली आहे, ती सुरू करू का? हे नक्की कुठून येतंय, घरी काय करता येईल आणि डॉक्टरकडे लगेच कधी जायचं, हे जाणकारांनी सांगा.

निरभ्र:

नव्या घराबद्दल मनापासून अभिनंदन! पट्टा आणि गोळ्या दोन्ही तूर्त बाजूला ठेव. डोक्याची स्थिती बदलली की सुरू होणारी आणि मिनिटाच्या आत थांबणारी गरगर बहुधा आतल्या कानातून येते. डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात. चक्करच्या कारणांमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर आढळणारं कारण आहे, आणि बरं करायला सगळ्यात सोपंही.

आतल्या कानात युट्रिकल नावाची एक पिशवी असते. तिच्यातल्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक स्फटिक चिकटलेले असतात. डोकं सरळ आहे की कललंय, हे मेंदूला त्यांच्यामुळे कळतं. वय वाढलं, डोक्याला मार बसला किंवा बरेच दिवस अंथरुणात काढले की त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. अशा तीन नलिका असतात, त्यातली मागची सगळ्यात खालच्या पातळीवर असते, म्हणून बहुतेक वेळा ते तिथेच जाऊन बसतात. आपण कूस बदलली की स्फटिक नलिकेत घसरतात, त्यांच्याबरोबर आतला द्रव ओढला जातो आणि डोकं फिरतंय असा निरोप मेंदूकडे जातो. स्फटिक तळाला टेकले की द्रव थांबतो आणि गरगरही थांबते. तुझा अर्ध्या मिनिटाचा हिशेब इथे जुळतो.

आता तातडीचं कधी समजायचं ते. बोलताना जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, चेहरा वाकडा होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा बधिरपणा, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, कधी नव्हे इतकं जोराचं डोकं दुखणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं. यातलं एक जरी चक्करबरोबर आलं तरी कुठलाही घरगुती उपाय करत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं, कारण त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त.

चक्कर किती वेळ टिकते यावरून बराच उलगडा होतो. न थांबता दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकली तर कानाच्या नसेला सूज असू शकते, क्वचित मेंदूतला पक्षाघाताचा झटकाही. २० मिनिटांपासून काही तास टिकली आणि सोबत कानात दडा, आवाज, कमी-जास्त ऐकू येणं असेल तर मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार करतात. फक्त उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब पाहायचा: पाच मिनिटं आडवं राहून एकदा मोजायचा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर दोष कानाचा नाही. आडवं पडताना आणि कूस बदलताना चक्कर येते, हाच तुझ्या बाबतीतला मोठा पुरावा आहे.

सुईदोरा:

वरचं सगळं मान्य. उपाय करायच्या आधी कान कुठला हे ठरलं पाहिजे. चुकीच्या बाजूने व्यायाम केला तर दुखणं जागचं हलत नाही आणि लोक उगाच व्यायामालाच नावं ठेवतात.

यासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणी असते. पलंगावर पाय पसरून बसायचं. मान ४५ अंश उजवीकडे वळवायची आणि तशीच ठेवून झटकन मागे पडायचं, डोकं क्षितिजापेक्षा साधारण २० अंश खाली लोंबेल असं. डोळे उघडे. उजव्या कानात स्फटिक असतील तर दोन-पाच सेकंद काहीच होत नाही आणि मग गरगर सुरू होते. समोरच्या माणसाने त्या वेळी डोळे पाहायचे: बुबुळ जागच्या जागी पीळ घेतं, त्याची वरची कड जमिनीकडच्या कानाच्या दिशेने झटके देते आणि पूर्ण डोळाही कपाळाकडे उसळतो. झटके आधी वाढतात, मग मिनिटाच्या आत विरतात. जवळून मोबाइलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना दाखवायला फार उपयोगी पडतो. मग बसून, थोडा वेळ थांबून, डावी बाजू.

पहिल्यांदाच होत असेल तर ही चाचणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडूनच करून घे. दहा मिनिटांचं काम आहे. लक्षणं अशी नेमकी असतील आणि चाचणीत डोळे वर सांगितल्यासारखे फिरत असतील तर एमआरआयची गरज नसते. झटके सरळ खालच्या दिशेने असतील, किंवा स्थिती तशीच ठेवूनही थांबत नसतील, तर मात्र मेंदूची तपासणी हवी.

घरी अंदाज घ्यायचा तर एवढंच पाहा: कुठल्या कुशीवर वळल्यावर जोरात येते? बहुतेकदा तोच कान.

पाऊलखूण:

उजव्या कुशीवर. डाव्या कुशीवर जवळजवळ नाहीच. आज संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते करतील तो व्यायाम पुढे घरी परत करायचा झाला तर नीट कसा करायचा, ते कुणी पायरी-पायरीने सांगाल का?

निरभ्र:

याला एप्ली म्हणतात. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. उजव्या कानासाठी लिहितो. डाव्यासाठी सगळं आरशातल्यासारखं उलटं.

सोबत कुणीतरी असू दे. जेवणानंतर दोन तास तरी करू नये, उलटी होऊ शकते. पलंगावर लांब पाय करून बस आणि उशी पाठीमागे अशी ठेव की आडवं पडल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. बहुतेकांचं पहिलं चुकतं ते इथेच. उशी डोक्याखाली आली की मान मागे झुकत नाही आणि स्फटिक जागचे हलत नाहीत.

मान ४५ अंश उजवीकडे वळवून पटकन मागे पड. डोकं उशीपलीकडे गादीला टेकलेलं, हनुवटी किंचित वर, उजवा कान खाली. चक्कर येईल, यायलाच हवी. ती थांबेपर्यंत आणि वर ३० सेकंद तसंच राहा. मग डोकं न उचलता, गादीवरूनच, ९० अंश डावीकडे फिरव. आता डावा कान खाली. पुन्हा ३० सेकंद. मग अंग डाव्या कुशीवर घे आणि अंगाबरोबर डोकं आणखी ९० अंश वळव, नाक गादीकडे रोखलेलं, जणू खांद्यावरून जमिनीवर पडलेली वस्तू शोधतेयस. इथेही ३० सेकंद, जमल्यास मिनिटभर. शेवटी हनुवटी छातीशी धरून डाव्या कुशीवरूनच पाय खाली सोडत सावकाश उठून बस.

बसल्याबरोबर काही जणांना एकदम पुढे ढकलल्यासारखं वाटतं. स्फटिक पिशवीत परत पडल्याचा तो परिणाम असतो. म्हणून पलंगाची कड घट्ट धर आणि पाच मिनिटं उठू नकोस.

चुका कुठे होतात? दुसऱ्या स्थितीतून तिसऱ्या स्थितीत जाताना घाबरून डोकं उचललं जातं, आणि स्फटिक आले त्याच वाटेने मागे घसरतात. नाक खाली न नेता नुसतं कुशीवर थांबलं जातं, मग नलिकेचं शेवटचं वळण राहून जातं. चक्कर आली की अर्ध्यात उठून बसलं जातं. किंवा घाईघाईत दहा-दहा सेकंदांत सगळं उरकलं जातं. स्फटिक द्रवातून वजनानेच खाली येतात, त्यांना वेळ द्यावा लागतो.

बऱ्याच जणांना एका-दोन फेऱ्यांत फरक पडतो. नाही पडला तर दिवसातून तीनदा, चक्कर न येता २४ तास जाईपर्यंत करतात. आठवडाभरात त्रास सुटला नाही तर परत दाखवायचं. आणि एक लक्षात ठेव: व्यायामानंतर अचानक दोन्ही कुशींवर आधीपेक्षा जोराची चक्कर येऊ लागली तर स्फटिक आडव्या नलिकेत शिरले असण्याची शक्यता असते. तिथे एप्ली चालत नाही. अंग गोल लोळवायचा वेगळा प्रकार आहे, तो तज्ज्ञांकडून करून घे.

आंबटगोड:

आमच्या आईसाठी विचारते. वय ७४, मान आखडलेली, मागे झुकवता येत नाही. तिलाही तज्ज्ञांनी हेच निदान दिलंय. तिने एप्ली करावी का?

सुईदोरा:

घरी अजिबात नको. मानेचे मणके फार झिजलेले असतील, मानेची शस्त्रक्रिया झाली असेल, मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद असतील किंवा डोळ्याचा पडदा नुकताच सुटला असेल तर मान मागे लोंबवायची नसते. डॉक्टर अशा वेळी अख्खा पलंगच तिरका करतात किंवा मान न वाकवता कुशीवर पाडायची सेमॉं पद्धत वापरतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली तर घरी ब्रांट-डॅरॉफ नावाचा व्यायाम करता येतो. पलंगाच्या कडेला मध्यभागी बसायचं, चेहरा ४५ अंश डावीकडे वळवून उजव्या कुशीवर पडायचं, म्हणजे नजर छताकडे जाते. ३० सेकंद किंवा चक्कर थांबेपर्यंत थांबायचं. उठून ३० सेकंद बसायचं. मग चेहरा उजवीकडे, डाव्या कुशीवर पडायचं. अशा पाच जोड्या, दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे. एप्लीइतका झटपट गुण येत नाही, पण मानेवर ताण कमी. त्या वयात खरी भीती पडण्याची असते. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, आणि उठताना आधी दोन मिनिटं बसून मगच पाय टेकायला सांगा.

रानवारा:

गोळ्यांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. बीटाहिस्टिन, सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यातली कुठलीही गोळी स्फटिक जागेवर नेत नाही. मळमळ फार असेल तर व्यायामापुरती एखादी गोळी डॉक्टर देतात, तेवढं ठीक. आठवडेच्या आठवडे घेतल्या तर सुस्ती येते, मेंदूचं तोल सावरायला शिकणं लांबतं, आणि सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांनी वयस्कर माणसांमध्ये हातांना कंप, चालण्यात जडपणा अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. घरात पडलेली पट्टी तशीच राहू दे.

दोन दिवस बसूनच झोपायचं, मान हलवायची नाही, हा सल्ला अजून ऐकू येतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी व्यायामानंतरची अशी बंधनं नकोत असं स्पष्ट सांगितलंय. मान आखडून वावरल्याने उलट ती दुखायला लागते आणि मग मानेवर खापर फुटतं. गरगर गेल्यावरही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, पावलं हलकी पडल्यासारखी वाटतात. त्यावर औषध म्हणजे रोजचं चालणं.

हे दुखणं परत येऊ शकतं. ड जीवनसत्त्व तपासून घे, कमी असेल तर भरून काढल्याने परत येण्याचं प्रमाण कमी होतं असं आढळलंय.

आणि सामान हलवण्याबद्दल. रविवारपर्यंत पूर्ण बरं वाटलं तरी त्या दिवशी शिडी आणि स्टूल दुसऱ्या कुणाकडे दे. माळ्यावरचं आणि वरच्या फळ्यांवरचं सगळं आदल्या दिवशी कुणाकडून तरी टेबलावर उतरवून घे. खोकी कंबरेच्या उंचीवर ठेवून भर, वाकून उचलताना मान खाली न घालता गुडघ्यात वाक. गरगर चालू असेल तोवर गाडी चालवू नकोस. रिव्हर्स घेताना मान वळते, आणि ते अर्धं मिनिट तेव्हाच आलं तर गाडी आवरता येत नाही. नव्या घरात पहिल्या रात्री पलंग असा लाव की उठायची बाजू डावी असेल.