मोठ्या आतड्याचा कर्करोग : मेथिलेशन चाचणी करून घ्यावी का? सल्ला हवा

खाडीकाठ (ठाणे)
माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ शस्त्रक्रिया करून काढली. सोबत काढलेल्या १८ लिम्फ नोड्सपैकी एकातही कर्करोग नाही, म्हणून दुसरा टप्पा ठरला. रिपोर्टच्या शेवटी 'एमएलएच-१ व पीएमएस-२ ही प्रथिने अनुपस्थित' अशी एक ओळ आहे, तिच्याविषयी मात्र कोणी काही बोलले नाही. आता एका खाजगी लॅबचा प्रतिनिधी 'मेथिलेशन पॅनेल करा, आजार उलटणार की नाही ते कळेल' म्हणून मागे लागला आहे. खर्च बाबांच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पेन्शनइतका आहे. चाचणी करावी का, आणि करायची तर कोणती, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मदर्शी (नेरुळ)
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमचे निर्णय तुमचे ऑन्कोलॉजिस्टच घेतील. मी फक्त त्या शेवटच्या ओळीचा अर्थ सांगतो, कारण पॅनेलपेक्षा ती ओळ मोलाची आहे.

डीएनएमधील सायटोसिन या घटकाला मिथाइल गट चिकटतात, यालाच मेथिलेशन म्हणतात. जनुकाच्या आरंभीच्या भागात ते दाटीने बसले की जनुक शाबूत असूनही गप्प होते. एमएलएच-१ हे डीएनएतील चुका दुरुस्त करणारे जनुक असे गप्प झाले की त्याचे प्रथिन दिसत नाही, त्याच्या आधाराने टिकणारे पीएमएस-२ही नाहीसे होते आणि गाठीत चुका साचत जातात. या स्थितीला एमएसआय (मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता) म्हणतात. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के गाठी अशा असतात आणि त्यांतील बहुतेकींचे कारण मेथिलेशन असते, आनुवंशिक दोष नव्हे. दुसऱ्या टप्प्यातील अशा गाठींचे भवितव्य एरवीपेक्षा चांगले असते आणि नुसत्या फ्लुरोयुरासिल या औषधाच्या केमोचा त्यांना फायदा होताना दिसत नाही. म्हणजे तुम्ही जे विचारता आहात त्याचे बरेचसे उत्तर हातातल्या कागदावरच आहे.

पॅनेलचे, म्हणजे अनेक जनुकांचे मेथिलेशन एकत्र मोजणाऱ्या चाचणीचे, म्हणाल तर, अनेक जनुके एकाच वेळी मेथिलेट झालेल्या गाठींचा 'सिम्प' हा गट १९९९ मध्ये वर्णिला गेला. पण कोणती जनुके मोजायची आणि किती मेथिलेट झाली म्हणजे सिम्प म्हणायचे, यावर संशोधकांत एकवाक्यता नाही. शिवाय सिम्प गाठींत एमएसआय आणि बीआरएएफ जनुकातील बदल हे दोन्ही वारंवार आढळतात. पहिला भवितव्य सुधारतो, दुसरा, विशेषतः एमएसआय नसेल तेव्हा, बिघडवतो, त्यामुळे निव्वळ 'सिम्प आहे' एवढ्यावरून रुग्णाला काय सांगायचे हा प्रश्नच उरतो. डीएनएत ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा येणाऱ्या लाइन-१ या भागाचे मेथिलेशन घटलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे, तरी त्यावरून उपचार ठरत नाहीत. मी असतो तर त्या पॅनेलवर पैसे घातले नसते.

एक विचारतो : घरात आणखी कोणाला कर्करोग झाला होता का?

खाडीकाठ
धाकट्या आत्याला ४६व्या वर्षी पिशवीचा कॅन्सर झाला होता. त्याचा आतड्याशी काय संबंध?

सूक्ष्मदर्शी
पिशवीच्या मुखाचा की अस्तराचा, हे जुन्या कागदांवरून पाहा. बोलताना आपण दोन्हींना पिशवीचाच म्हणतो. अस्तराचा असेल तर आतडे आणि गर्भपिशवी या दोन्हींच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते, आणि मग प्रश्न तुमचा व तुमच्या भावंडांचाही होतो. आधी गाठीवर बीआरएएफ जनुकातील व्ही-६००-ई हा बदल तपासा. तो बदल सापडला तर लिंचची शक्यता फारच कमी. न सापडल्यास एमएलएच-१च्या मेथिलेशनची स्वतंत्र चाचणी करा; तेही नसेल तर रक्तावरची जनुकीय तपासणी. आत्यांचा इतिहास पाहता जेनेटिक कौन्सेलरची भेट मात्र कोणत्याही परिस्थितीत घ्या.

खारघरची लेक
आईच्या वेळचा अनुभव सांगते. गाठीचा तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ब्लॉक रुग्णालयाकडून लेखी अर्ज करून, पावतीसह घ्यावा आणि त्यावरील क्रमांक रिपोर्टशी पडताळावा. आम्ही ज्या लॅबला दिला तिने तो परत केला तेव्हा मध्ये नखाएवढाही ऊतक उरला नव्हता आणि पुढची चाचणी अडली. शक्य असेल तर ब्लॉक न देता त्याचे न रंगवलेले काप मागावेत. आणि मे महिन्यात तो स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, मेणच ते.

खाडीकाठ
त्या प्रतिनिधीने सेप्ट-९ ही रक्ताची चाचणीही सुचवली आहे.

सूक्ष्मदर्शी
तीही मेथिलेशनवर आधारलेली चाचणी आहे. परंतु अमेरिकेत २०१६ मध्ये तिला मिळालेली मान्यता ही आजाराची लक्षणे नसलेल्यांच्या चाळणीसाठी आहे. बाबांच्या पाठपुराव्यासाठी सीईए (रक्तातील कर्करोग-सूचक प्रथिनाची चाचणी), सीटी आणि वर्षभराने कोलोनोस्कोपी हेच करावे.

खाडीकाठ
आत्याचे कागद कोपरीच्या घरी माळ्यावर सापडले. अस्तराचाच होता. न रंगवलेल्या कापांसाठी अर्ज दिला आहे, पॅनेलला नकार कळवला आहे, आणि पुण्याच्या बहिणीला आज रात्री फोन करणार आहे.