पोटं सुटतात ती पिझ्झ्याने की वरणभाताने?

घोडबंदर_काका: परदेशी गेलेल्या पोरांची पोटं सुटतात ती पिझ्झा-बर्गरने. तिकडेच जन्मलेल्यांची तर विचारूच नका. घरचं वरणभात, पोळीभाजी खा, काटा जागचा हलणार नाही. यात एवढं डोकं काय खाजवायचं?

नेरूळ_पथ्यवाली: काका, वरणभाताला देव्हाऱ्यात बसवण्याआधी तेलाचा डबा बघा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम झालं. म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या फोडणी-तळणीच्या. तूप, कूट, खोबरं वेगळंच. न्यू जर्सीतही हाच स्वयंपाक शिजतो, आणि तिकडच्या उपनगरांत दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. पिझ्झा आठवड्यातून एकदा, वरणभात रोज. खापर मात्र पिझ्झ्यावर.

आणि काटा वाचायचा कसा, तेही बघा. उंची १७० सेंमी, वजन ७० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २४.२. तिकडच्या सर्वसाधारण तक्त्यात २५ पर्यंत ठीक, म्हणून माणूस निर्धास्त. भारतीयांना २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. ब्रिटनमध्येसुद्धा दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना २३ आणि २७.५ असे खालचे आकडे लावतात. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

ठाणेपूर्व_शंकासुर: म्हणजे आडातच ते आहे. मग खाल्लं काय, न खाल्लं काय!

नेरूळ_पथ्यवाली: असं कुठे म्हटलं? पुण्यातली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी किरकोळ, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. अशा शरीराला थोडं जास्तीचंही लवकर बाधतं. सूट नाही, उलट जास्त सांभाळायचं.

कोपरखैरणे_घाटी: स्थलांतर म्हटलं की तुम्हा लोकांना विमानच दिसतं. सातारा-सांगलीहून वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून आले ते कोण? आज्याने दिवसभर पन्नास किलोच्या गोण्या वाहिल्या, त्याला तीन भाकऱ्या जिरत. नातू ऐरोलीच्या कंपनीत नऊ तास खुर्चीत, भाकऱ्या तीनच. यात पिझ्झा कुठे आला?

घोडबंदर_काका: भाकरीला नावं ठेवू नका. भाकरीने कोणी जाड झालेलं नाही.

नेरूळ_पथ्यवाली: ज्वारी काय, गहू काय, शंभर ग्रॅम पिठाला साडेतीनशेच्या आसपासच. भाकरी ७० ग्रॅम पिठाची, फुलका ३० ग्रॅमचा. दोन भाकऱ्या म्हणजे साडेचारांहून जास्तच फुलके. भाकरी तेलाशिवाय होते हा तिचा खरा फायदा, आणि तो वरच्या लोण्याच्या गोळ्यात जातो.

सीवूड्स_परात: ७० ग्रॅमची भाकरी परदेशी मिळणाऱ्या पिठाची थापून दाखवाच! पाकीट महिनोन् महिने पडलेलं, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली. थापताना कडा फाटतात, म्हणून जाड ठेवतात, म्हणून शंभर ग्रॅमची होते. उपाय उकडीचा. वाटीभर पाण्याला आधण, चिमूटभर मीठ, गॅस बंद करून वाटीभर पीठ, दहा मिनिटं झाकण. मग कोमट असतानाच तळव्याने रगडून मळायचं. ते सोडून निम्मी कणीक मिसळतात आणि वर 'आम्ही ज्वारीच खातो'.

ठाणेपूर्व_शंकासुर: उकड काढली की ती भाकरी नव्हेच. ज्याला थापता येत नाही त्याची ती पळवाट.

सीवूड्स_परात: दोन महिन्यांचं पीठ घ्या आणि थापा, मग बोलू. तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेलं पाणी पूर्ण सुकू दिलं की तडे जातात, फार ओलं असताना उलटली की तव्याला चिकटते. ही वेळ माहीत नसलेल्यांनी पळवाटा मोजू नयेत.

कोपरखैरणे_घाटी: चर्चा वजनाची होती ना?

ठाणेपूर्व_शंकासुर: विरी गेली की चर्चाही फाटते.

नेरूळ_पथ्यवाली: काका, 'काटा हलत नाही' म्हणालात, पण काट्याबरोबर टेपही लावायची असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०, त्याच्या आत. बहुतेक पुरुष पट्ट्याच्या जागी मोजतात, तो पोटाच्या खाली घसरलेला असतो, म्हणून ३४ ची पँट बसते आणि सगळं आलबेल वाटतं.

घोडबंदर_काका: बरं बाई, तुम्ही जिंकलात. माणशी रोज २५ ग्रॅम तेल धरलं तर चौघांना पाच लिटरचा डबा ४५ दिवस पुरायला हवा, इतका हिशेब आम्हालाही येतो. वरणावरचं तूप मात्र कोणी मोजायचं नाही.

नेरूळ_पथ्यवाली: चहाच्या चमच्याला ४० कॅलरी. मोजलंय मी आधीच.