सरकारी घरं तिथल्या भाडेकरूंनाच विकावीत का?

उंबरठा
सरकारच्या किंवा पालिकेच्या घरात वर्षानुवर्षं भाड्यानं राहिलेल्या कुटुंबाला तेच घर सवलतीत विकत मिळावं, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये १९८०च्या कायद्यानं तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूला हा हक्क दिला. किमतीत ३३ टक्के सूट, आणि वास्तव्य वाढेल तशी ती ५० टक्क्यांपर्यंत. एकट्या इंग्लंडमध्ये तेव्हापासून २० लाखांच्या आसपास घरं अशी विकली गेली. एरवी बाजारभावानं घर घेणं ज्यांच्या आवाक्यात कधीच आलं नसतं, अशी ही माणसं. जन्मभर भाडं भरूनही मुलांच्या नावावर काही ठेवता येत नाही, हा अन्याय नाही का?

पागोळी
उंबरठा, तुम्ही घरात असलेल्यांचा विचार केलात, प्रतीक्षा यादीतल्यांचा नाही. ते घर सगळ्यांच्या पैशातून बांधलेलं असतं. आजचा भाडेकरू गेल्यावर ते दुसऱ्या गरजू कुटुंबाला मिळायचं असतं, आणि त्या कुटुंबाला या व्यवहारात कुणी विचारतच नाही. एक घर विकून दुसरं बांधलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण १९८९च्या कायद्यानं पालिकांना विक्रीच्या रकमेतले ७५ टक्के कर्जफेडीसाठी बाजूला ठेवायला लावले. २०१२मध्ये सवलत वाढवताना 'घरामागे घर' असं आश्वासन दिलं, तेही पाळलं गेलं नाही. विकलेल्या फ्लॅटपैकी बरेच आज खासगी मालक भाड्यानं देतात, आणि त्यातल्या गरीब भाडेकरूंचं भाडं सरकारच अनुदानातून भरतं. स्कॉटलंडनं २०१६मध्ये आणि वेल्सनं २०१९मध्ये ही योजना बंद केली, ती उगाच नाही.

उंबरठा
हा दोष पैसा अडवून ठेवण्याचा झाला, विक्रीचा नाही. सिंगापूरनं १९६४पासून सरकारी घरं विकली आणि बांधकामही थांबवलं नाही. शिवाय घर पालिकेकडे राहिलं म्हणजे ते गरिबांसाठी सुरक्षित राहिलं, असंही नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरानं २००६मध्ये कर्ज फेडायला आपली जवळपास ४८ हजार घरं एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला एकगठ्ठा विकली. भाडेकरू तिथेच, फक्त मालक बदलला. त्यापेक्षा ती राहणाऱ्यांना विकलेली काय वाईट?

चौथा मजला
इमारतीचं कोण बघणार, यावर कुणीच बोलत नाहीये. रशियात १९९१च्या कायद्यानं लोकांना राहती घरं फुकट नावावर करून मिळाली. फ्लॅट मालकीचे झाले. छप्पर, जिना, लिफ्ट, नळाच्या वाहिन्या मात्र अधांतरी राहिल्या. इंग्लंडमध्येही असा फ्लॅट घेतलेल्यांना छताच्या दुरुस्तीत हजारो पौंडांचा वाटा भरावा लागल्याची उदाहरणं आहेत. भाडेकरू असताना गळती पालिकेची असते. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला घर विकताना हा खर्च आधी कागदावर मांडून दाखवायला हवा.

पागोळी
हा मुद्दा पटला. ड्रेस्डेनचं उदाहरणही गंभीर आहे, पण त्यावर उपाय घरं विकणं हा नाही, तर एकगठ्ठा विक्रीवर बंदी घालणं हा आहे. व्हिएन्ना पालिका आपली सुमारे २ लाख २० हजार घरं आजही स्वतःकडे ठेवून भाड्यानं देते.
आणि सिंगापूरचं म्हणाल, तर तिथे विकतात तो ९९ वर्षांचा भाडेपट्टा. जमीन सरकारचीच राहते. घर घेतल्यावर साधारणपणे किमान पाच वर्षं स्वतः राहावं लागतं, त्याआधी ते विकता येत नाही. ब्रिटनमधली सवलतीची विक्री आणि ही विक्री एका मापानं मोजू नका.

उंबरठा
मग भाडेपट्टाच द्या, माझी हरकत नाही. पुढे विकायचं झालं तर पहिला हक्क पालिकेचा, ही अटही चालेल. चौथा मजला म्हणतात तसा दुरुस्तीचा निधी विक्रीच्या किमतीतूनच बाजूला काढा. पण 'आधी नवं घर बांधू, मग तुम्हाला विकू' ही अट मला मान्य नाही. पालिकेनं वीस वर्षं बांधलंच नाही, तर त्याची किंमत भाडेकरूनं का मोजायची?

पागोळी
कारण नाहीतर ती रांगेतला माणूस मोजतो, आणि त्याच्याकडे आज भाड्याचंही घर नाही. नव्या घराचा पाया भरला की त्याच दिवशी जुनं विका, मी विरोध करणार नाही.