मदत हवी आहे: ब्रेसेसची तार गालाला टोचतेय
मुलीला ब्रेसेस लावून 3 आठवडे झाले. दात सरकू लागले तशी मागची तार बाहेर आलीय आणि गालाला आतून टोचतेय. डॉक्टरांनी 4 दिवसांनी बोलावलंय. तोवर ऑर्थोडॉन्टिक वॅक्स (टोचू नये म्हणून तारेवर लावायचं मऊ मेण) लावतेय. ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) आधी कापसाने कोरडं केलं तर वॅक्स टिकतं, पण जेवताना निघतंच. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही चालू आहेत. तार घरी कापणार नाही, तुकडा गिळला गेला तर? पेन्सिलच्या मागच्या रबराने ती हळूच आत वळवता येते म्हणे. कुणी केलंय का?

आणि तारेखालून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) ओवताना रोज रडकुंडीला येते हो बिचारी. इंटरडेंटल ब्रशने (दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश) भागतं का? अनुभव असेल तर नक्की सांगा.