कंपवात आणि पूरक आहार: आधार की भूलथाप?

नौपाडाकर: बाबांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान होऊन चार वर्षे झाली. त्यांचा चहाचा कप आम्ही अर्धाच भरतो. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी त्यांचे पाय जागीच खिळतात. तलावपाळीवर फिरणाऱ्या त्यांच्या मित्रांनी को-एन्झाइम क्यू-१० च्या कॅप्सूल सुचवल्या आणि जांभळी नाक्यावरून कवचबीजाचे चूर्णही आणून दिले. नुसत्या गोळ्यांवर विसंबून राहण्यापेक्षा अशी जोड द्यावी, असे माझे मत आहे.

वाशीकर: असहमत. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेत या आजारात बिघाड दिसतो, म्हणून त्या यंत्रणेतला घटक असलेले क्यू-१० देऊन पाहण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. परंतु अमेरिका व कॅनडातील ६०० रुग्णांना रोज १२०० किंवा २४०० मिलिग्रॅम मात्रा अथवा बनावट, म्हणजे औषध नसलेली, गोळी देऊन केलेली चाचणी फायद्याची शक्यता न दिसल्याने मध्येच थांबवावी लागली, आणि ते निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १,७४१ रुग्णांवरील क्रिएटिन या दुसऱ्या पूरकाच्या चाचणीचीही हीच गत झाली. त्या पैशांत फिजिओथेरपी करावी.

कळवेकर: क्यू-१० चे सोडा, पण कवचबीजाला त्याच माळेत ओवू नका. खाजकुइलीच्या या बियांमध्ये कंपवातावरचे मुख्य औषध, लेव्होडोपाच, असते. २००४ साली लंडनच्या डॉक्टरांनी आठ रुग्णांना ३० ग्रॅम चूर्ण दिले, तेव्हा ते नेहमीच्या गोळीच्या निम्म्या वेळात लागू पडले.

वाशीकर: अवघे आठ रुग्ण! तरीही चूर्ण लागू पडते, हे मान्य; माझी हरकत नेमकी त्यामुळेच आहे. बाबांच्या गोळीत लेव्होडोपा आणि त्याला मेंदूपर्यंत पोहोचू देणारे कार्बिडोपा असेल, तर त्यावर हे चूर्ण देणे म्हणजे न मोजता औषधाची मात्रा वाढवणे होय, आणि त्यातून मळमळ, रक्तदाब उतरणे, अंगाला अनावर हालचाली सुटणे, भास होणे, यांपैकी काहीही उद्भवू शकते; शिवाय चूर्णातील लेव्होडोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. एक विचारतो, सकाळची गोळी कशाबरोबर देता?

नौपाडाकर: पेलाभर दुधाबरोबर.

वाशीकर: मग आधी तेच डॉक्टरांशी बोला. दुधातील प्रथिने काही रुग्णांत लेव्होडोपाला अडवतात, म्हणून गोळी सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

नौपाडाकर: चूर्णाची पुडी सोमवारी डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेवली आहे, दुधाचेही विचारेन. कॅप्सूल मात्र बंद करणार नाही. त्या घेतल्यापासून बाबांना हुशारी वाटते.

वाशीकर: बनावट गोळी घेणाऱ्यांनाही तशी वाटते. डॉक्टरांना कॅप्सूलची बाटलीही दाखवा.