'गो'चा भूतकाळ 'वेंट' कसा?

प्रश्न:
मी आठवीला इंग्रजी शिकवते. 'गो–वेंट–गॉन' म्हणून घेताना एका मुलीने विचारलं, "बाई, गो आणि गॉनमध्ये ग आहे, मग मधल्या वेंटमध्ये का नाही?" 'अनियमित आहे, पाठ कर' एवढ्यावर तिची बोळवण करायची नाही मला. सिंग–सँग, टेक–टुक यांत निदान व्यंजनं तरी तीच राहतात. कुणी नीट सांगेल का?

उत्तर:
मुलीने नेमकं बोट ठेवलंय! वेंट हे मुळात 'गो'चं रूपच नाही. ते 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचं. सेंड–सेंट, बेंड–बेंट, स्पेंड–स्पेंट यांच्या रांगेत वेंड–वेंट ठेवून बघा. वेंड म्हणजे आधी वळणं किंवा वळवणं, मग वाट धरणं, जाणं. जुन्या इंग्रजीत गोचा भूतकाळ होता 'एओदे', म्हणजे तेव्हाही ग नव्हताच. तो मागे पडत गेला आणि इ.स. १५००च्या सुमारापर्यंत वेंटने त्याची जागा घेतली. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेत मात्र 'गेड' असं सरळ रूप आहे.

वर्गात मी मराठीपासून सुरुवात करेन. आपण 'जातो' म्हणतो, पण भूतकाळात 'गेला'. ज कुठे गेला? 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूवरून. आरंभीच्या य चा ज झाला, जसा यात्रेच्या जत्रेत (तिचाही धातू हाच). 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'वरून. म्हणजे दोन धातूंचा एकच संसार, आणि मुलं तो कुणी न शिकवता बिनचूक चालवतात. हे त्यांना फळ्यावर दाखवाच.

प्रश्नकर्ती:
किती सुंदर! उद्याच सांगते. वेंड आता वापरात आहे का?

उत्तर:
'वेंड वन्स वे' या प्रयोगात आहे, म्हणजे रमतगमत वाट काटणं. वेंट हातचं गेल्यावर त्याचा भूतकाळ 'वेंडेड' झाला.

आणखी एक उत्तर:
अर्थाचंही सांगा. गो म्हणजे 'होणं' असतं तेव्हा बहुधा बिघाडच असतो: मिल्क गोज बॅड, गो ब्लाइंड, गो बँकरप्ट. श्रीमंत होण्याला 'गो रिच' म्हणत नाहीत, 'गेट रिच' म्हणतात. मुलं इथे हमखास चुकतात, तेव्हा दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून घ्या.