चर्चा: नववीत पोरींचा हात खाली का जातो?

अमळनेरची शिक्षिका:
पाचवीत प्रश्न विचारला की पोरी बाकावरून उठून "मॅडम मी, मॅडम मी" करतात. त्याच पोरी नववीत मान खाली घालून बसतात. परवा गणिताच्या तासाला एकीने बरोबर उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहिलं आणि त्यावर हात ठेवून बसली. विचारलं तर म्हणे, "चुकलं तर मुलं हसतील." हे वयाने होत नाही. "इतकं बोलू नये, सासरी जायचंय" हे घरोघरी ऐकवतात, त्याने होतं.

धुळेकर २४:
मॅडम, नाही पटलं. पोलीस भरतीत १६०० मीटर वेळेत पळालो, लेखीत दोन मार्कांनी गेलो. तेव्हापासून लग्नकार्याला जात नाही, पहिला प्रश्न "कुठं लागला का?" घरचं शेत, घरचा कापूस, तरी स्थळ येतं आणि नोकरी विचारून परत जातं. पोरींच्या मनाचा विचार होतो, आमचा कोण करतो?

जळगाव, मानसशास्त्राचा विद्यार्थी:
१९९९ साली क्लिंग या मानसशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले. आत्मसन्मानात, म्हणजे स्वतःला किती मोलाचं मानतो त्यात, मुलगे पुढे, पण फरक लहान. सर्वांत जास्त १५ ते १८ या वयात. २०१६ मध्ये ४८ देशांतल्या साडेनऊ लाखांहून जास्त लोकांच्या ऑनलाइन अभ्यासात विशीकडे जाताना मुलगे-मुली दोघांचाही आत्मसन्मान वाढताना दिसला. आणि मॅडम, श्रीमंत, समानता मानणाऱ्या देशांत हा फरक जास्त निघाला. सगळं घरच्या बोलण्यानेच होत असतं तर उलटं दिसायला हवं होतं.

अमळनेरची शिक्षिका:
मुद्दा बिनतोड आहे, पण माणूस स्वतःला कोणाशी ताडून बघतो? माझ्या वर्गातली मुलगी चुलत बहिणीशी ताडते, भावाशी नाही. भावाइतकं आपल्यालाही मिळावं हे जिच्या कानावरच पडलं नाही, ती कागदावर समाधानीच दिसणार.

चोपड्याची, बारावी:
मला घरी कोणी गप्प बसवलं नाही. एसटीचा पास मोफत, पप्पा रोज स्टँडवर सोडतात. तरी फोटो टाकायच्या आधी मी तोंडाचा रंग उजळ करून घेते. हे मम्मीने शिकवलं नाही.

धुळेकर २४:
बहिणीला "तुला काय कळतं" म्हणणारा मीच, ते कबूल. पण भरती जवळ आली की रात्रभर डोळा लागत नाही, हे घरी बोललेलो नाही. इथंच पहिल्यांदा लिहितोय.